गाडीचं आईशी वाकडं

"काका, बोर्डावर लिहिलंय 'सर्व गाड्यांची खात्रीशीर दुरुस्ती'. मग तुमची स्वतःची गाडी चार वर्षं विटांवर का उभी आहे?"

विचारून झालं. शेवटचा शब्द तोंडातून सुटला आणि भोंग्याने स्वतःचीच जीभ चावली, पण आता काय उपयोग? समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानाआड तिच्या चार मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यांवर हनुवट्या टेकून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. प्रश्न विचारलास तर आठवडाभर वर्गात खिडकीजवळची जागा तुझी, माघार घेतलीस तर आठवडाभर सगळ्यांची दप्तरं तुझ्या पाठीवर.

भोंगा हे तिचं टोपणनाव, आणि तेही नवंकोरं. गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात इतकी गुपचूप बसायची, की बाईंनी एकदा तिला समोर बघूनसुद्धा गैरहजर लावलं होतं. यंदा शाळेच्या कार्यक्रमात ऐन वेळी माइकने मान टाकली, निवेदन करणाऱ्या मुलाला दरदरून घाम फुटला, आणि ही बया त्याच्या हातातला कागद ओढून सरळ स्टेजवर चढली. माइकशिवाय अख्खा कार्यक्रम तिने घशाच्या जोरावर पार पाडला. त्या दिवसापासून ती भोंगा झाली, आणि हा भोंगा बंद करायचं बटण अजून तरी कुणाला सापडलेलं नाही.

पण पानाकाकांसमोर भलेभले गप्प व्हायचे. हातातला पाना कधी खाली न ठेवणारा हा मेकॅनिक गिऱ्हाइकांवर असा डाफरायचा, की माणसं गाडी सोडून पळत सुटायची. "जरा लवकर करा" म्हणणाऱ्याला तर तो किल्ली परत द्यायचा.

पानाकाकांनी बोनेटखालून डोकं बाहेर काढलं. तिच्याकडे बघितलं. मग दुकानाकडे बघितलं.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. माझी मीच आले."

"त्या कोपऱ्यावर चार दप्तरं दिसतायत. दप्तरांना पायपण आहेत."

दुकानाआडून खुसखुस ऐकू आली आणि पाय गडबडीने आत ओढले गेले.

"मी विचारलंय तर उत्तर द्या ना, काका."

पानाकाकांनी पान्याने कान खाजवला. "गिऱ्हाइकाची गाडी कुरकुरली की मला लगेच ऐकू येतं. स्वतःची रोज डोळ्यांसमोर असते, तिचं काय ऐकायचं? झालं उत्तर? आता माझा प्रश्न. घरी गाडी आहे?"

"आहे."

"तिला काय होतंय?"

भोंगा हे उत्तर द्यायला आली नव्हती, पण विचारलंय म्हटल्यावर ती थांबते कसली! "थांबवली की बंद पडते. सिग्नल आला, ब्रेक दाबला, की गप्प. मागचे हॉर्न वाजवून वाजवून वेडे होतात. पण काका, गंमत म्हणजे बाबा चालवताना एकदाही नाही हं! फक्त आई चालवत असली की. बाबा म्हणतात गाडीचं आईशी वाकडं आहे."

एवढा वेळ पानाकाका अर्धे वाकलेले होते. आता ते सरळ उभे राहिले.

"फक्त आईच?"

"फक्त आईच."

"माणूस कोण बसलाय ते गाडीला कळत नाही. गाडीला पाय कळतात. दोघांचे पाय काय करतात ते बघ आणि शनिवारी गाडी घेऊन या. बघताना तोंड मिटून बस. जमेल?"

"बघते," भोंगा म्हणाली. मिटून बसायचं वचन तिने दिलं नाही, हे पानाकाकांच्या लक्षात आलं असावं, कारण ते हसल्यासारखे दिसले आणि पुन्हा बोनेटखाली गेले.

खिडकीजवळची जागा जिंकून भोंगा उड्या मारत घरी आली. घरात कोणी नव्हतं. चहा करावा म्हणून तिने साखरेचा डबा उचलला, तर डब्याखाली एक घडी केलेला कागद. आईचं अक्षर. आई ग्रंथालयात काम करते, त्यामुळे तिचं अक्षर पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांसारखं, सरळ रेषेत.

'नवीन शाखेची प्रमुख म्हणून माझी निवड केल्याबद्दल मी आभारी आहे. परंतु काही वैयक्तिक अडचणींमुळे मला ही जबाबदारी स्वीकारणे शक्य होणार नाही...'

भोंगा खुर्चीत बसलीच. नवीन शाखा गावाबाहेर, बारा किलोमीटरवर. तिकडे बस जाते दिवसातून दोनदा, आणि दोन्ही नको त्या वेळी. शाखेचं दार आईनेच उघडायचं, आईनेच बंद करायचं. गाडी चालवल्याशिवाय ते जमणारच नव्हतं, म्हणून तर आई वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकली होती! वही करून शिकली होती. वहीत पायांची चित्रं होती, डावा पाय क्लचवर, उजवा पाय ब्रेकवर, बाण काढून. चार महिने तिने व्यवस्थित गाडी चालवली आणि गेल्या तीन आठवड्यांत हे सुरू झालं.

"क्लच सोडतेस तू," बाबांनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता. बाबांनी तीस वर्षं गाडी चालवली होती आणि त्या तीस वर्षांत गाडीला एकही ओरखडा नव्हता. हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत.

"नाही हो, दाबलेला असतो."

"मग आधी चार महिने बंद नाही पडली ती?"

"तेच तर म्हणतेय मी!"

"अगं, तेव्हा घाबरून नीट चालवायचीस. आता हात सैल सुटलाय."

आता या युक्तिवादाला कोण काय बोलणार! आईने तरी सांगून बघितलं होतं. ब्रेकचं पेडल जड लागतं म्हणाली, तर बाबा म्हणाले, "तुझ्या पायात जोर नाही." ब्रेक दाबला की पायापाशी फुस्स असा आवाज येतो म्हणाली, तर बाबांनी खाली वाकून "नागोबा, बाहेर या" अशी हाक मारली. त्यावर सगळ्यात जोरात कोण हसलं होतं? भोंगा हसली होती. ठसका लागेपर्यंत.

आता ते हसू तिला काट्यासारखं टोचलं. वैयक्तिक अडचण म्हणे! अडचण दाराबाहेर उभी होती, चार चाकांवर, राखाडी रंगाची. आणि ग्रंथालयाला उत्तर द्यायचं होतं शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत.

तिने कागद होता तसा घडी करून डब्याखाली ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी तिने आईच्या मागे टुमणं लावलं. "आई, मला कंपास हवाय. आत्ता. गाडीने जाऊ."

"चालत पाच मिनिटांवर दुकान आहे."

"पाय दुखतायत."

"मघाशी तर जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरत होतीस!"

"म्हणूनच दुखतायत ना!"

आईने सुस्कारा सोडला आणि किल्ली घेतली. हल्ली ती किल्ली अशी धरायची, जणू कुणाचीतरी उसनी वस्तू आहे. भोंगा पुढच्या सीटवर बसली आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. पहिल्या चौकापर्यंत तिने ती नाडी तीनदा सोडली आणि चारदा बांधली.

चौकात दिवा लाल झाला. आईचा उजवा पाय ब्रेकवर गेला. डावा पाय क्लचवर, पार जमिनीला टेकेपर्यंत. वहीतल्या चित्रासारखा! आणि ब्रेक खाली गेला तसा कुठूनतरी आवाज आला, फुस्स. गाडी एकदा थरथरली आणि बंद पडली.

मागून हॉर्न. आईचे कान लाल झाले.

"आई! क्लच दाबलेला होता! मी बघितला!"

"अगं, हळू! केवढ्यानं दचकवलंस. तू खाली काय करतेयस?"

"आणि फुस्सपण झालं! खरंच झालं!"

आईने गाडी पुन्हा चालू केली. पुढच्या दोन चौकांत भोंगा वर मान करून बघत होती तेव्हा आईचा जबडा जरा सैल झाल्यासारखा वाटला. त्या दोन्ही चौकांत गाडी बंद पडलीच. कंपास घेतला नाही तो नाहीच.

शुक्रवारी तिने हाच प्रयोग बाबांवर केला, पण बाबा म्हणजे बाबा. नाडीला हात लावला मात्र, लगेच, "सरळ बस. ब्रेक लागला तर डोकं आपटेल." त्यामुळे पायांचं दर्शन काही झालं नाही. झालं एवढंच, की सहा सिग्नल आले, सहाही ठिकाणी गाडी मांजरासारखी घुर्रघुर्र करत उभी राहिली आणि सहाही वेळा बाबांनी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या.

"बघितलंस? यंत्राला प्रेमानं वागवावं लागतं."

"शनिवारी पानाकाकांकडे दाखवू या, बाबा."

"गाडीला काही झालेलंच नाही तर दाखवायचं काय?"

"मग दाखवायला घाबरता कशाला?"

भोंग्याची ही नवी सवय बाबांना अजून अंगवळणी पडली नव्हती. गेल्या वर्षीची मुलगी "बरं" म्हणाली असती. त्यांनी गिअर बदलला आणि ते म्हणाले, "नऊ वाजता तयार राहा."

शनिवारी गॅरेजमध्ये तिघंही गेले. आईला यायचं नव्हतं. "माझा काय उपयोग तिथे?" ती म्हणाली. भोंग्याने तिला हात धरून अक्षरशः ओढत नेलं.

गॅरेज म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा. भिंतीवर खिळ्यांना पाने टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, आणि प्रत्येक पान्यामागे भिंतीवर त्याच पान्याची बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे एखादा जागेवर नसला तर लगेच कळावं. जमिनीवर तेलाचे डाग, पण कोपऱ्यातला कपाटाचा आरसा चकचकीत. पानाकाकांनी बाबांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, म्हणजे निदान तसं दाखवलं, आणि आईकडे वळले.

"ताई, तुम्ही सांगा. काय काय होतं?"

आईने एकदा बाबांकडे बघितलं. मग हळू आवाजात तिने सगळं सांगितलं. पेडल जड. फुस्स. थरथर. मग बंद.

"नागोबा," बाबा पुटपुटले.

पानाकाकांनी बोनेट उघडलं. एक जाडसर नळी सैल करून आत बघितलं, तर जिथून इंजिन हवा घेतं त्या तोंडाशी काजळीचा थर, चुलीच्या धुराड्यासारखा. "हे आधी साफ करू. यानंपण इंजिन गुदमरतं." त्यांनी भोंग्याच्या हातात फडकं आणि फवाऱ्याचा डबा दिला. भोंग्याने जीव तोडून घासलं. नाकावर काळं, कपाळावर काळं. आतलं धातूचं पातं लख्ख दिसायला लागलं तेव्हा तिला वाटलं, झालं! जिंकलो!

बाबांनी गाडी काढली, गल्लीला एक फेरी मारली, तीनदा ब्रेक लावून थांबवून दाखवली. एकदाही बंद नाही.

"झाली की!" बाबा उतरले. "कचरा होता फक्त. जा, तू मार फेरी."

आई बसली. गाडी फाटकापर्यंत गेली. आईने ब्रेक दाबला.

गप्प.

तिने पुन्हा चालू केली, चार हात पुढे नेली, ब्रेक दाबला. पुन्हा गप्प.

बाबा काहीच बोलले नसते तर बरं झालं असतं. पण ते बोललेच. "आता गाडी साफ आहे. इंजिन साफ आहे. मग उरलं काय, सांग बरं?"

आई खाली उतरली. दार लावलं, न आपटता. किल्ली बाबांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मी उरले. पुरे झालं हे. मी घरी जाते, मला एक पत्र पोचवायचंय."

भोंग्याला ठाऊक होतं कोणतं. पर्समधून घडीचं एक टोक डोकावत होतं.

"आई, थांब! दहा मिनिटं!"

"पुरे, अगं."

"पाच मिनिटं! आई, मी त्या दिवशी हसले ना तुला, सगळ्यात जास्त मीच हसले. मला पाच मिनिटं दे. प्लीज."

आईने तिच्या काळ्या नाकाकडे बघितलं आणि ती थांबली. पण पर्स खांद्यावरच राहिली.

भोंगा वळली. आता काय करायचं ते तिला अजिबात सुचलेलं नव्हतं, पण तोंड चालू असलं की डोकंही चालतं हे तिला स्टेजवरच कळलं होतं. "काका, गाडीला पाय कळतात असं म्हणालात ना तुम्ही? आईचे पाय मी बघितले. बाबांचे बघायचे राहिलेत. बाबा, बसा आत. इथंच, गाडी उभी ठेवून. चालू करा आणि ब्रेक दाबा."

"अगं पण मी आत्ताच..."

"बसा हो साहेब," पानाकाका म्हणाले. आणि ते कुणाला म्हणाले की माणूस बसतोच.

बाबा बसले. इंजिन सुरू झालं. भोंगा उघड्या दारापाशी जमिनीवर चक्क उकिडवी बसली, गाल जवळजवळ पायपुसण्याला टेकलेला.

"दाबा."

बाबांनी ब्रेक दाबला. इंजिन घुर्रघुर्र. बाबांनी भुवया उडवल्या. "बघा! आहे काही?"

"पुन्हा दाबा."

पुन्हा घुर्रघुर्र. भोंगा आणखी पुढे सरकली. बाबांचा बूट मोठा, रुंद, काळा. पंजा ब्रेकवर. पण बूट सरळ नव्हता. तो तिरका होता आणि त्याची उजवी कड शेजारच्या अ‍ॅक्सिलरेटरवर अलगद टेकलेली होती, म्हणजे थोडंसं पेट्रोल चालूच!

"बाबा, तुमच्या पायाची करंगळी कुठे आहे?"

"पायाला!"

"अहो, म्हणजे कशावर आहे?"

"ब्रेकवर. आणखी कशावर असणार?"

"नाहीये! काका, या, बघा! अ‍ॅक्सिलरेटरवर आहे! बाबा एका पायाने ब्रेक आणि रेस, दोन्ही एकदम देतायत!"

"काहीतरीच काय! मी तीस वर्षं..."

पानाकाका वाकले. बराच वेळ बघितलं. मग फक्त एवढंच म्हणाले, "साहेब, बूट काढा."

"काय?"

"उजवा. काढा."

बाबांनी बूट काढला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. अंगठा बाहेर डोकावत होता. आईने तोंडावर हात घेतला, पण तिचे खांदे हलताना भोंग्याला दिसले.

"आता टाच खाली टेकवून नुसता पंजा. सरळ. ब्रेक."

बाबांनी दाबला.

फुस्स. थरथर. गप्प.



बाबांनी गाडी पुन्हा चालू केली. दाबला. फुस्स, गप्प. तिसऱ्यांदा केलं. फुस्स, गप्प. चौथ्यांदा त्यांनी किल्लीला हातच लावला नाही. आपल्या पायाकडे असे बघत बसले, जणू तो पाय शेजाऱ्यांचा आहे.

"माझी पहिली गाडी," ते शेवटी म्हणाले, अगदी वेगळ्या आवाजात, "जुनी घेतली होती. ती थांबली की बंदच पडायची. तेव्हा मी असाच पाय ठेवायचो. ती विकूनसुद्धा वीस वर्षं झाली."

"तुम्ही विकलीत, पायाने नाही विकली," पानाकाका म्हणाले. "ही बिघडली, पायाला वाटलं जुनीच आली परत. त्यानं सांभाळून घेतलं. तुम्हाला पत्ताच नाही. ताई शिकल्यात नीट, त्या चालवतात नीट, म्हणून त्यांना रोग दिसला."

भोंगा उठली ती आईकडे बघतच. आईने पर्स खांद्यावरून काढून बाकड्यावर ठेवली होती.

"आता रोग कुठला ते काढू," पानाकाकांनी भोंग्याला बोटाने बोलावलं. इंजिनापासून निघालेली एक जाड काळी रबरी नळी ड्रायव्हरच्या बाजूच्या एका गोल डब्याला जाऊन मिळत होती. डबा केवढा, तर जेवणाच्या ताटाएवढा. "हा बूस्टर. इंजिन या नळीतून त्याची हवा ओढून घेतं, त्याच्या जोरावर ब्रेक हलका लागतो. आत रबराचा पडदा असतो. तो फाटला तर?"

"ब्रेक जड लागणार!"

"आणि?"

भोंगा विचारात पडली. "ब्रेक दाबला की फाटक्यातून हवा आत येणार. फुस्स करून. आणि ती नळीतून जाणार... इंजिनात? नको असलेली हवा?"

"मापापेक्षा जास्त हवा झाली की इंजिन मरतं. पकड घे. नळीवर फडकं गुंडाळ आणि आवळून धर. रस्ताच बंद कर."

भोंग्याने पकड दोन्ही हातांनी धरली आणि दात-ओठ खाऊन आवळली. "आई, तू बस! तूच दाब!"

आई बसली. गाडी चालू केली. दोन्ही पाय वहीत काढल्यासारखे. ब्रेक दाबला.

इंजिन चालूच.

पुन्हा दाबला. चालूच! भोंग्याने पकड सोडली, आईने दाबला, गप्प. पकड आवळली, चालू. सोडली, गप्प.

"सापडला!" भोंगा एवढ्याने ओरडली, की समोरच्या दुकानदाराने वह्यांच्या गठ्ठ्यामागून डोकं काढलं.

"अगं, कान फाटतील," आई म्हणाली, पण ती हसत होती, दातांसकट, डोळ्यांसकट.

पानाकाका स्कूटरवरून जाऊन नवा बूस्टर घेऊन आले, तोवर अकरा वाजले. जुना काढायचा म्हणजे गंमतच. पेडलच्या वर, अगदी आत, अंधारात एक छोटी क्लिप असते, ती काढल्याशिवाय बूस्टर सुटत नाही. पानाकाकांचा हात तिथं मावतो पण मग बोटं वळत नाहीत. भोंगा सीटवर पाय वर आणि डोकं खाली अशी लोंबकळली, बाबांनी टॉर्च धरला, आणि दहा मिनिटांत तिने तीन वेळा "आली, आली" म्हणून जाहीर केलं. चौथ्यांदा ती खरंच आली, सरळ बाबांच्या कपाळावर.

"लागली का हो?" आईने विचारलं.

"लागायलाच हवी होती," बाबा कपाळ चोळत म्हणाले.

चार नट सोडले, नवा डबा बसवला, चार नट आवळले. शेवटचा भोंग्याने आवळला. पानाकाकांनी तो पुन्हा तपासला आणि त्यांच्या पान्याला तो जराही हलला नाही. त्यांनी पसंतीची मान हलवली. भोंग्याला खिडकीजवळची जागा जिंकल्यापेक्षा हे भारी वाटलं.

मग आईने गाडी काढली. शेजारी भोंगा, मागे बाबा. सात सिग्नल, एक वळसा, एक चढावरचा चौक. पहिल्या सिग्नलला आईने ब्रेक दाबला तेव्हा तिघांनीही श्वास रोखला होता. गाडी थांबली. इंजिन चालू. दिवा हिरवा झाला, गाडी निघाली. दुसरा, तिसरा. चौथ्याला आई गुणगुणायला लागली. मागे बाबांचा उजवा पाय प्रत्येक चौकात पायपुसणं दाबत होता, तिरका.

"बाबा, पाय!"

"सवय आहे, जाईल हळूहळू," बाबा म्हणाले. मग थोडं पुढे वाकून, आईच्या सीटला धरून, "अगं, ऐकतेस का? मी तीन आठवडे उगाच तुला... म्हणजे ब्रेक जड होता म्हणालीस तेव्हाच मी बघायला हवं होतं."

"नागोबासुद्धा," आई म्हणाली.

"नागोबासुद्धा."

आईने गाडी ग्रंथालयासमोर थांबवली. इंजिन चालूच ठेवलं, मुद्दाम, आणि पर्समधून तो कागद काढून बाबांच्या हातात दिला. "फाडा. तुम्हीच फाडा." बाबांनी उघडून वाचला. वाचताना त्यांचा चेहरा उतरला, मग त्यांनी तो नीट, चार, आठ, सोळा तुकडे होईपर्यंत फाडला. आई आत गेली आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आली ती हातात चार किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत. शाखेच्या किल्ल्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून.

"चला," आई सीटवर बसत म्हणाली, "आज जेवायला बाहेर. कुठे जायचं, भोंगाबाई सांगतील."

"जेवण नंतर," भोंगा म्हणाली. तिने पट्टा सोडला, सीटवर गुडघे टेकून मागे वळली, म्हणजे आई आणि बाबा दोघंही एकदम दिसावेत. नाक अजून काळंच होतं. "आधी माझं ऐका. आजपासून दर शनिवारी सकाळी मी पानाकाकांच्या गॅरेजमध्ये काम शिकायला जाणार. गणिताचा क्लास मी रविवारी हलवलाय, बाईंना मघाशी काकांच्या फोनवरून विचारून झालंय, आणि काका म्हणालेत, येताना जुने कपडे घाल. मी विचारत नाहीये, सांगतेय."